वीतभर कमी

४ सप्टेंबर
दुकानातून

मुंगे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील, तर आधीच सांगते, कुणी गेलेलं नाही. सगळे धडधाकट आहेत. तुझे भावजी शाळेची बस घेऊन गेलेत आणि मी एका गृहस्थांच्या पँटची कंबर सैल करत बसलेय. दर वर्षी येतात, दर वर्षी म्हणतात, धुतल्यावर आटली.

फोनच करणार होते. पण फोनवर आपण दोघी "कशी आहेस" म्हणतो, "बरी आहे" म्हणतो आणि तिसऱ्या वाक्याला एकमेकींच्या झिंज्या धरतो. कागदाचं बरं असतं. मी बोलताना तुला मधे तोंड घालता येत नाही. आणि तू चुरगाळून फेकलंस तरी मला दिसत नाही.

मुद्द्यावर येते. परवा शिट्टीबाई दुकानात आली होती. कोटाचं बटण लावून घ्यायचं निमित्त. बटण चांगलं घट्ट होतं, मी ओढून बघितलं. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "यंदा पानं पिकली की टोळी डोंगरावर जाणार. तुझ्या बाबांना आण." शाळेतली कवायत सोडून इतकी वर्षं झाली, पण बाईची विनंतीसुद्धा हुकमासारखी येते. मी म्हटलं, बाबा माझ्याकडे नसतात, धाकटीकडे असतात. तर म्हणते, "ठाऊक आहे. आणि गेल्या हिवाळ्यापासून ते तिच्या फाटकाबाहेर पडलेले नाहीत, हेही ठाऊक आहे."

मला ठाऊक नव्हतं, मुंगे. अख्ख्या गावाला ठाऊक आणि थोरल्या लेकीला नाही. तुझे यजमान, सुतारबुवा, दाढेसाठी अजून आपल्या दातवाल्याकडेच येतात म्हणे. माझ्या दुकानावरून जातात आणि आत डोकावत नाहीत, ते राहू दे. त्यांनी दातवाल्याला सांगितलं. आणि तो दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात हात घालतो, पण त्याच्या स्वतःच्या तोंडात तीळ भिजत नाही.

म्हणजे डॉक्टर म्हणतात पाय ठीक, छाती ठीक, आणि बाबा नुसतं "नको" म्हणून खुर्चीत बसतात. आधी मला तुझा राग आला, मग सुतारबुवांचा. मग राग सगळा उतरला आणि उरली नुसती भीती. आत्या आठवते ना? आधी खिडकीपाशी बसायला लागली, मग पलंगावर, आणि मग उठलीच नाही. तिलाही काही झालं नव्हतं.

म्हणून सांगते. तंबूच्या काठ्या तुझ्याकडे आहेत, कापड माझ्याकडे आहे. आईनं शिवलेला तंबू डोंगरावर पुन्हा उभा राहतोय म्हटल्यावर बाबा खुर्चीत बसून राहतील? शक्यच नाही. तू काठ्या दे. बाबांना घेऊन ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

उत्तर दे. नाही दिलंस तरी मी पुन्हा लिहीन. मला ओळखतेस.

ताई


१३ सप्टेंबर
घरून

मुंगे,

तुझं कार्ड मिळालं. केवढं ते लांबलचक! तीन वाक्यं! "बाबा नको म्हणतात. काठ्या आहेत. कापड धड आहे का?"

कापड धड आहे का म्हणजे काय? शिंपिणीच्या घरात कापड धड नसेल तर कुठे असेल? मागच्या खोलीत घडी करून ठेवलंय, तसंच आहे. आणि हो, ते मी बळकावलेलं नाही. आईच्या मागे बाबांनी कुणाकडे राहायचं यावरून आपण दोघी अंगणात उभ्या राहून जे बोललो ते बोललो, पण तंबूचं नाव कुणी काढलं होतं का? उसवलेली शिवण घालायची म्हणून कापड दुकानात होतं, आणि काठ्या तुझ्या गाडीच्या टपावर बांधलेल्या होत्या. बाबांनी आपल्याकडे एकदा बघितलं, टोपी घातली आणि जी गाडी जवळ होती तिच्यात जाऊन बसले. ती तुझी होती. माझी जवळ असती तर माझ्यात बसले असते. तीन वर्षं मी हेच स्वतःला सांगत आलेय.

"तुझ्या दुकानातल्या चिंध्यांमधे बाबांना कुठे ठेवशील" असं तू म्हणालीस. मी काय म्हणाले ते मला आठवत नाही असं मी सगळ्यांना सांगते.

बरं, ते सोड. दर वर्षी मी टोळीबरोबर जाते, पण तुला म्हणून सांगते, ती मजा नाही. सगळ्यांनी नायलॉनचे रंगीत फुगे आणलेत. रानात ओक-मॅपलची पानं लालपिवळी झालेली असतात आणि त्यांच्याखाली हे निळे-जांभळे फुगे. जो तो आपापल्या फुग्यात शिरतो आणि चेन लावून घेतो. एकाच रानात झोपून सकाळी एकमेकांना विचारायचं, काल रात्री थंडी होती का हो? आपल्या तंबूत अख्खी टोळी मावायची. दातवाल्याचं घोरणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं यायचं.

आणि तो नियम आठवतो का? मोठा तंबू उभा राहीपर्यंत कुणी टेकायचं नाही. कितीही दमलेलं असो. मग बाबा एकटेच आत जायचे, हात वर करून आढ्याच्या दांडीला तळवा टेकवायचे आणि मोठ्यांदा म्हणायचे, "झालं घर!" की धपाधप सगळे जिथल्या तिथे बसायचे. आईचा हात आढ्याला पोचायचा नाही, तर ती चवड्यांवर उभी राहून बोटं लावायची आणि म्हणायची, "माझंही झालं." एवढं रान पालथं घातलंय आपण, पण मला डोंगर म्हटलं की तेच आठवतं.

हे सगळं बाबांना वाचून दाखव. "नको" म्हणतात म्हणजे काय, आपण लहान असताना आपल्याला "नको" चालायचं का?

ताई


१६ सप्टेंबर
(हे टाकायचं नाही)

मुंगे, काय करून ठेवलं गं मी.

कापड आज उघडलं. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल होती. मला वाटलं होतं, रंग उडालाय. खालची कड, चारी बाजूंनी, नुसती कुजलेली. हातात धरली की भुगा. वरचं सगळं कसं ठणठणीत, आईच्या हातचं, पण जमिनीला लागते ती कड गेली. तीन वर्षांत एकदा तरी उघडून उन्हात टाकायला काय झालं होतं मला? काही नाही, तुझा राग. उघडलं असतं तर काठ्या आठवल्या असत्या, आणि काठ्यांवरून तू.

जोड देऊन बघितला. तसं जाड कापड आता मिळत नाही, आणि जुन्या कापडाला नवा जोड दिला की पहिल्या ताणाला शिवण जुनं फाडते. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. शेवटी कात्री घेतली. वीतभर पट्टी चारी बाजूंनी कापली. त्या पट्टीवर आईची दुहेरी शिवण होती, मेणाच्या दोऱ्याची. कापताना मला इतकं रडू आलं की कात्री खाली ठेवून तोंड धुऊन यावं लागलं. मग नवी कड दुमडली आणि शिवली.

आता तंबू वीतभर आखूड झालाय. काठ्या होत्या तेवढ्याच. म्हणजे उभा केला की खालून चहूबाजूंनी वीतभर फट. वारा आत, थंडी आत, आणि बाबांच्या डोळ्यांसमोर आईचा तंबू आखूड झालेल्या परकरासारखा लोंबणार. आधीच माणूस घराबाहेर पडेना, त्यात त्याला डोंगरावर नेऊन हे दाखवायचं?

तुला सांगायला हवं. पण तू म्हणशील, "कापड धड आहे का, असं मी विचारलं होतं." बरोबर तेच म्हणशील, आणि तुझं खरं असेल. हे मला सहन होणार नाही.


२५ सप्टेंबर
दुकानातून

मुंगे,

कापड उत्तम आहे. उघडून बघितलं, जरा कडा साफसूफ केल्या, बाकी काही नाही.

काठ्यांची उंची तेवढीच आहे ना गं? सहज विचारते.

तुझं या वेळचं पत्र चांगलं दोन पानी होतं. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा तुझ्या भावजींनी वाचलं आणि म्हणाले, "दोघी एका माळेचे मणी आहात. निम्म्या पत्रात भांडण, निम्म्यात काळजी." मी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

पण बाबांचं वाचून हातातली शिवण बाजूला ठेवली. तू तंबूचं सांगितल्यावर ते खुलतील असं मला वाटलं होतं, आणि ते म्हणाले, "तंबू आहे म्हणता? मग तर नकोच." मग तर नकोच! याचा अर्थ काय लावायचा मी? आईची आठवण सोसत नाही की माझा राग आहे? असेल माझा राग, तर तसं सांगू देत. मी येऊन ऐकून घेईन, मान खाली घालून. खरंच.

आणि ते दाराचं काय लिहिलंस? स्वयंपाकघराच्या दारात उभे राहतात, हात वर करून चौकट चाचपतात, खाली घेतात, पुन्हा वर करतात, आणि तू आलीस की खांद्याचा व्यायाम चाललाय म्हणतात. बाबा आणि व्यायाम? शिट्टीबाई कवायत घ्यायची तेव्हा हेच मागे उभे राहून पेरू खात असायचे. लक्ष ठेव. चक्कर बिक्कर येत नाही ना, आधार घेत नाहीत ना?

मी शिट्टीबाईला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी बोलते." मला तिच्या बोलण्याची फार आशा नाही, पण तिच्या वाटेत कुणी उभं राहावं असंही नाही.

ताई

ता. क. तू मला का विचारलंस, कापडाची उंची पूर्वीएवढीच आहे ना म्हणून? कापड काय वाढतं का? भलतंच.


६ ऑक्टोबर
घरून

मुंगे,

शाबास त्या बाईची! मला सांग, बाबा खरंच तसे म्हणाले? मी तिच्याकडून ऐकलं, पण तुझ्याकडून ऐकायचंय. तिनं फोन लावला, "हॅलो" च्या जागी शिट्टी फुंकली आणि म्हणाली, "पुढारी येत नसेल तर यंदा आत मी जाणार. 'झालं घर' मी म्हणणार." आणि बाबा फोनमधे गरजले, "तू? तुझा हात खुंटीवरच्या टोपीला पोचत नाही, आढ्याला काय पोचणार?" आणि ती म्हणाली, "मग या आणि पोचवा."

मग म्हणे फोनमधे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आणि मग म्हणाले, "येतो. बघू."

मी दुकानात एकटीच टाळ्या वाजवल्या. एक बाई परकर घ्यायला आली होती, ती दारातूनच परत गेली.

पण तू येत नाहीस हे काय? पाठ दुखते? तुझी पाठ? तू तान्ह्या वासराएवढी पोती उचलतेस म्हणून तर तुला मुंगी म्हणतो आपण. सुतारबुवांबरोबर बाबा आणि काठ्या पाठवते म्हणतेस, आणि स्वतः घरी बसतेस. माझं तोंड बघायचं नाही, एवढंच ना? स्पष्ट लिही की. आणि माझ्या काठ्यांच्या प्रश्नाला काय उत्तर दिलंस? "काठ्या काय उंच होतात का? सुताराच्या घरात आहेत, काळजी नको." एवढं तोडून बोलायची काय गरज होती? मी सहज विचारलं होतं.

हे बघ, मी वरचा परिच्छेद पुन्हा वाचला आणि खोडणार होते, पण राहू दे. मला राग नाही आलाय, वाईट वाटलंय. मला वाटलं होतं बाबा आत जातील तेव्हा आपण दोघी बाहेर उभ्या असू, दोरीच्या दोन टोकांना, लहानपणासारख्या. तू डावीकडे, मी उजवीकडे.

आणि एक, मला तिथे एकटीनं उभं राहायची भीती वाटतेय. का ते विचारू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ये ना गं.

ताई


१४ ऑक्टोबर
डोंगरावरून, सकाळी, कांदेबटाट्याच्या खोक्यावर कागद ठेवून

मुंगे,

आधी बातमी, मग बाकीचं. बाबा आत्ता झऱ्यावर गेलेत. स्वतःच्या पायांनी. काठी मी दिली होती, ती इथेच ओकला टेकवून गेलेत. दातवाला "सोबत येऊ का" म्हणाला, तर "वाट मला माहितीये, तू तुझी दाढी कर" म्हणाले.

आता पहिल्यापासून ऐक.

आम्ही मिनीबसनं वर पोचलो तोवर तुझी गाडी आलेली होती. बाबा गाडीतच बसून होते. मी काच वाजवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "थोरले, केस पिकले की तुझे." तीन वर्षांनी भेटलेला बाप, आणि बोलला काय, तर हे! मी म्हटलं, "तुमच्यावर गेलेय." मग मी त्यांच्या कोटाची कॉलर नीट करत बसले. लहान झालेत गं ते. कोट खांद्यावर उतरलाय. तू रोज बघतेस, तुला नसेल जाणवत.

सगळे उभे. नियम म्हणजे नियम. दातवाल्याचे गुडघे बोलायला लागले होते, तो म्हणाला, "नुसता टेकतो, बसत नाही," तर शिट्टीबाईनं शिट्टी मारली. मी कापड पानांवर पसरलं. पानं इतकी पडलीत की जमीन दिसत नाही, पायाखाली सगळं कुरकुर वाजतं. सुतारबुवा काठ्या घेऊन आले. माझ्याकडे बघेनात. मी त्यांच्याकडे बघेना. मला वाटलं, मुंगीनं सांगून पाठवलंय, ताईशी बोलायचं नाही. त्यांना काय वाटलं असेल ते आता कळलं. चोराच्या मनात चांदणं!

काठ्या कापडात घातल्या. तुझे भावजी एका टोकाला, सुतारबुवा दुसऱ्या. शिट्टीबाई ओरडली, "उचला!" आणि मी डोळे मिटले. खरं सांगते, गच्च मिटले. मनात म्हटलं, आता फट दिसणार, आता कुणीतरी म्हणणार, अरे हे काय, आणि बाबा गाडीचं दार लावून घेणार.

कुणी काहीच म्हणेना. मी एक डोळा उघडला. कड पानांना टेकलेली होती, चारी बाजूंनी! अगदी मापात, कुठे चुणी नाही, फट नाही. मी खाली वाकून हात घातला, तर बोटं आत जाईनात. मी सुतारबुवांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, कान लालबुंद.

"ताई," म्हणाले, "जरा बसच्या मागे येता?"

गेले. तर काय सांगतात! काठ्या घराच्या मागच्या कोपऱ्यात उभ्या होत्या, पन्हाळीचं पाणी बुडाशी साचत होतं, खालची टोकं पार मऊ होऊन गेली होती. "मी सुतार आणि माझ्या घरात काठ्या कुजल्या, कुठल्या तोंडानं सांगणार? दिव्याखाली अंधार. मग कापल्या." मी विचारलं, "किती?" त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली.

मुंगे, मी तिथे बसच्या चाकाला धरून जी हसायला लागले ती थांबेच ना. तेही हसायला लागले. मी त्यांना माझी वीत दाखवली. मग तर ते खालीच बसले, नियम मोडून. तुझे भावजी बघायला आले आणि म्हणाले, "रडताय की हसताय?" बोलाफुलाला गाठ म्हणतात ती ही. सुतारबुवा म्हणाले, "तिची पाठ दुखत नाहीये, ताई. तंबू उभा राहिला नाही तर बाबांचं तोंड कसं बघू, म्हणून ती आली नाही." कळलं. मीही आले नसते, पण मला पळायला जागा नव्हती, कापड माझ्याकडे होतं.

जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तसा पडला माझा. पण निम्माच. कारण बाबा अजून गाडीपाशीच उभे होते.

तंबू उभा आहे, सगळे वाट बघतायत, आणि ते हलेनात. शिट्टीबाई म्हणाली, "पुढारी, पाय दुखतायत लोकांचे." तेव्हा निघाले. इतके सावकाश, की मला वाटलं मधेच वळतील. मी दोरी धरून दाराशी उभी होते, तेव्हा मला आतलं दिसत होतं. ते आढ्याखाली गेले आणि नुसते उभे राहिले. हात खालीच. वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. बाबांच्या चेहऱ्यावर मी ती आधी कधी बघितली नव्हती. मग त्यांनी हात वर केला, गरम तव्याला लावावा तसा, भीत भीत.

तळवा टेकला. सपाट, पुरता. कोपर वाकवायलाही जागा उरली होती.

हात तसाच ठेवला त्यांनी. मग दुसराही हात लावला. कापडातून पिवळा उजेड येत होता, तो त्यांच्या तोंडावर होता. आणि मग जे ओरडले म्हणतेस, "झालं घर!" वरच्या फांदीवरचे पक्षी उडाले. सगळे धपाधप बसले. दातवाला खोक्यावर बसला, त्यात टोमॅटो होते.

संध्याकाळी बाबा आणि मी बटाटे सोलत होतो. तेव्हा साल न तोडता, मान वर न करता विचारतात कसे, "थोरले, दोघींनी मिळून किती कापलंत?"

मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"हा तंबू मी जन्मभर उभा केलाय. डोळे बांधून सांगेन."

"वीतभर," म्हटलं.

"हं," म्हणाले. "मी पण तेवढाच कापला गेलोय."

आणि मग सांगितलं, मुंगे. तुझ्या स्वयंपाकघराच्या दाराची चौकट तंबूच्या आढ्याएवढी आहे. हे त्यांना तिथे राहायला गेल्या दिवसापासून माहीत. आधी हात पोचायचा. हिवाळ्यात एक दिवस पोचला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. "म्हटलं, आता डोंगरावर जाऊन काय करू? मंडळी बाहेर उभी, आणि मी आत हात वर करून उभा. कुणी बसायचंच नाही मग. त्यापेक्षा घरीच बसावं." तंबूबिंबू काही नाही, माझा राग नाही, आईचं दुःखही नाही. वीतभर उंचीसाठी हा माणूस फाटकाबाहेर पडत नव्हता! आणि आपण डॉक्टर करत बसलो.

मी म्हटलं, "बाबा, अहो आम्ही घाबरलो होतो."

"मी पण," म्हणाले. मग बटाटा पाण्यात टाकला आणि म्हणाले, "आता तुझ्या आईचाही पोचला असता. चवडे न उचलता."

मी तिथेच रडले, सगळ्यांसमोर, आणि मला लाज वाटली नाही. दातवाल्यानं कांदा चिरायचं निमित्त काढून शेजारी येऊन बसून सोबत केली. स्वभावानं चांगला आहे तो, तोंडाचं सोड.

बाबा झऱ्यावरून येतायत. कळशी भरून आणलीय, निम्मी सांडत. थांबते.

ताई


२२ ऑक्टोबर
दुकानातून

मुंगे,

तुझं पत्र आलं. पहिली ओळ वाचली आणि दुकानाची पाटी उलटी करून आत येऊन बसले. "ताई, मला वाटलं तू म्हणशील, काठ्या सुताराच्या घरात कुजल्या." अगं बाई! मी म्हटलंच असतं. तू कापडावरून जे म्हणणार होतीस तेच मी काठ्यांवरून म्हणणार होते. म्हणून तर दोघींनी तोंडं मिटून ठेवली. एकीनं जरी खरं सांगितलं असतं तरी दुसरीनं कापाकापी थांबवली असती, आणि मग बाबांचा हात कुठे पोचला असता? पण म्हणून पुढच्या वेळी लपवू नकोस. दर वेळी देव एवढा मोकळा नसतो.

ते रोज फाटकाबाहेर जातात, कोपऱ्यापर्यंत, आणि परत येऊन शेजाऱ्यांना डोंगराचं सांगतात, हे वाचून बरं वाटलं. किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. परवा पँटवाले गृहस्थ पुन्हा आले, कंबर अजून सैल हवी म्हणाले, मी हसत हसत करून दिली.

आता कामाचं. सोबत पार्सल पाठवलंय, उघडलं असशीलच. काठ्या सुतारबुवांनी परत नेल्या तशा टपावर बांधून, पण या वेळी कापड मी ठेवून घेतलं नाही. धुऊन, कडक उन्हात वाळवून, मेण लावून दिलंय. त्याला जी पिशवी आहे ती उलटी करून बघ. कापलेल्या पट्टीतला जेवढा भाग चांगला निघाला, त्याची शिवलीय. ती दुहेरी शिवण आईची आहे, मी तिला सुई लावलेली नाही. पिशवीत तळाला एक पत्र आहे, सप्टेंबरात लिहून टाकलं नव्हतं ते. वाच आणि हवं ते म्हण. मी ऐकून घेईन. तीन वाक्यांपर्यंत.

तर आता तंबू सगळाच तुझ्याकडे आहे. कापड, काठ्या, पिशवी आणि बाबा. पुढच्या वर्षी मी फक्त बटाटे आणणार. तू आली नाहीस तर तंबू नाही, आणि तंबू नाही तर कुणी टेकायचं नाही. दातवाल्याचे गुडघे तुझ्या माथी.

आणि निघताना बाबांनी एक हुकूम केलाय. मी तुला सांगायचं टाळत होते, म्हणून शेवटाला ठेवलाय. म्हणाले, "यंदा पोचला. पुढच्या वर्षी काय, माणूस आटतच जातो. आता तुम्ही दोघी आत जा आणि म्हणा."

मी त्यांना सांगितलं, एकटी म्हणणार नाही. माझा अर्धाच आवाज आहे.

ताई